लिपीवरून भांडता भांडता गोंडीचं पुस्तक राहूनच गेलं

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं. गोंडी ही बोली आहे, भाषा नाही, कारण तिला लिपी नाही, आणि आदिवासी पोरांना उगाच गोंडीत शिकवून मागे ठेवू नका, सरळ मराठी इंग्रजी शिकवा, असं त्यांचं म्हणणं. पत्र चांगल्या मनानं लिहिलंय, टोमणे वगैरे काही नाहीत, म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं. मी राजुऱ्यात डीटीपीचं छोटं दुकान चालवतो. झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, जातीच्या दाखल्याचे फॉर्म आणि सीझनमधे लग्नपत्रिका. दिवसभर मराठी टाईप करतो आणि घरी आईशी गोंडी बोलतो. दोन्ही भाषांचं मीठ खाल्लंय, तेव्हा थोडं बोलतो, लांबलं तर कापा.

आधी "लिपी नाही" याबद्दल. लिपी नाही हे खोटं आहे, उलट आमची अडचण अशी की लिप्या दोन आहेत. हे मला पुस्तकातून नाही, एका लग्नपत्रिकेवरून कळलं. दोन वर्षं झाली असतील. मुलगा जिवतीकडचा, मुलगी सालेकशाकडची. पत्रिकेवर वरती एक ओळ गोंडी लिपीत पाहिजे म्हणून मुलाकडचे आले, मी म्हटलं करून देऊ, इंटरनेटवर फॉन्ट फुकट मिळतात, नोटो म्हणून आहेत. मी एक उतरवून घेतला, ओळ लावली, प्रूफ काढून दिलं. दुसऱ्या दिवशी मुलीचा मामा आला, प्रूफ काउंटरवर ठेवलं आणि म्हणाला, "हे काय छापलं भाऊ, हे आमचं नाही." मी म्हटलं गोंडी लिपीच आहे. तो म्हणाला, "असंल, पण आमची नाही." त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला, त्यावर हातानं लिहिलेली अक्षरं, आणि खरंच एकही अक्षर माझ्या प्रूफशी जुळत नव्हतं.

तर त्याचं असं. मामाकडे होती ती मसराम गोंडी. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातल्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी ती 1918 मधे तयार केली. सालेकसा बालाघाटला लागूनच, म्हणून तिकडे तिचा मान. मी लावली होती ती गुंजाळा गोंडी. गुंजाळा हे आदिलाबाद जिल्ह्यातलं नारनूर मंडलातलं गाव, जिवतीच्या डोंगरावरून पलीकडे उतरलं की तेलंगणच. तिथे 2006 च्या सुमारास जुन्या हस्तलिखित पोथ्या पुढे आल्या, हैदराबादचे प्राध्यापक जयधीर तिरुमल राव आणि त्यांच्या लोकांनी त्यावर काम केलं, पोथ्या सुमारे 1750 च्या आसपासच्या असाव्यात असा अंदाज आहे, आणि विशेष म्हणजे ती लिपी वाचू शकणारी चार म्हातारी माणसं गावात अजून होती. म्हणजे एक लिपी एका माणसानं विचार करून बसवलेली, दुसरी गावानं जपून ठेवलेली. युनिकोडमधे, म्हणजे कॉम्प्युटर आणि फोनला अक्षरं कळावीत म्हणून जगभर ठरवलेल्या तक्त्यात, मसराम 2017 मधे आली आणि गुंजाळा 2018 मधे, आणि गंमत बघा, युनिकोडच्या तक्त्यात दोघींना जागा एकीला लागून एक मिळालीय. तिथे नांदतात बिचाऱ्या. लग्नाच्या मांडवात मात्र नाही.

मसरामची मांडणी आपल्या बाराखडीसारखीच, क ख ग घ, क्ष ज्ञ त्र ला सुद्धा वेगळी अक्षरं. गुंजाळाची व्यंजनं सुरूच होतात य पासून. य, व, ब, भ, म, मग क, ख. मी पहिल्यांदा तो तक्ता पाहिला तेव्हा वाटलं पानं उलटसुलट लागलीत. नाही, त्यांचा क्रमच तसा. आणि त्यात श नाही, ष नाही, ण नाही. एकच स. मुलाच्या बापाला मी म्हटलं "शुभविवाह" कसं लिहू, यात श नाही, तर तो म्हणाला, "गोंडीत शुभविवाह म्हणायचं काहून, मडमिंग म्हण ना." बरोबरच होतं त्याचं. तेवढ्यात मागून कोणी म्हटलं मडमिंग नाही, मरमिंग. अर्धा तास तिथेच गेला.

शेवटी पत्रिका कशी झाली ते पुढे सांगतो. आधी त्या वाचकांना एक विचारायचंय. लिपी नसेल तर भाषा नाही असं असेल तर मराठीचं काय? तुम्ही आम्ही लिहितो ती देवनागरी मराठीची एकटीची आहे का, हिंदी, नेपाळी, संस्कृत सगळे त्यातच लिहितात. मराठीची घरची म्हणावी अशी मोडी, पेशव्यांचं सगळं दफ्तर तिच्यात, आणि आपण ती 1950 च्या आसपास शाळेतून काढून टाकली. मोडी युनिकोडमधे 2014 ला आली, आज तुमच्या फोनवर कोणी मोडीत मेसेज पाठवला तर बहुतेक चौकोनी डबेच दिसतील, गोंडीसारखेच. म्हणून काय मराठी बोली झाली? 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्या चौकात पण पेढे वाटले, मी पण खाल्ले, कोणी विचारलं नाही लिपी कुठली ते. आणि शेजारी गोव्यात बघा, कोकणी देवनागरीत लिहितात, रोमीत लिहितात, कर्नाटकात कन्नड लिपीत, केरळात मल्याळम लिपीत. भांडतात पण लिहितात.

एका भाषेला पाच लिप्या चालतात, दहा भाषांना एक लिपी चालते. लिपी हे भांडं आहे. भात कुठल्या भांड्यात शिजवला यावरून भात आहे की नाही हे ठरत नाही.

आता दुसरा मुद्दा, गोंडीत शिकवून पोरं मागे राहतात हा. यावर मी माझंच सांगतो. मी पहिलीत गेलो तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. गुरुजी वाईट नव्हते, पण त्यांना गोंडीचा एक शब्द येत नव्हता, तर दोघं सारखेच, फरक एवढाच की छडी त्यांच्या हातात. त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं, घ घराचा, चित्रात कौलारू घर. मला विचारलं हे काय. मी म्हटलं "रोन". आमच्याकडे घराला रोन म्हणतात. सगळा वर्ग हसला, बाहेरगावची चार पोरं होती ती जास्त हसली. आता विचार करा, चित्र मी बरोबर ओळखलं होतं. उत्तर चुकलं कारण अक्षर घ होतं आणि माझ्या तोंडात र होता. त्या दिवसापासून मी वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही. तहान लागली तरी "येर" म्हणायची हिंमत नव्हती आणि "पाणी" शब्द माहीत नव्हता. नाव काय असं विचारलं की नाव म्हणजे काय ते कळत नव्हतं, आमचा शब्द परोल. आज पेपरात पॅरोलवर सुटला वाचलं की मला हसू येतं.

माझ्या सोबत पहिलीत बसलेल्या आमच्या गावच्या अकरा पोरांपैकी दहावीपर्यंत आम्ही दोघं पोचलो. आकडे अंगणात "उंदी, रंड, मूंद, नालूंग" म्हणत खडे मोजून सगळ्यांना यायचे, वर्गात एक दोन तीन आलं की बंद. हे डोक्याचं नाही हो, भाषेचं आहे. मराठी शिकूच नका असं कोण म्हणतंय? मराठी नसती तर माझं दुकान नसतं. म्हणणं एवढंच की पहिली दोन वर्षं मराठीच्या शेजारी र रोनचा आणि य येरचा असं एक पातळ पुस्तक असतं तर उरलेल्या नऊ जणांपैकी चार पाच तरी टिकले असते.

आणि हे काही माझं खूळ नाही. घटनेच्या कलम 29 मधे आपली भाषा, लिपी, संस्कृती जपायचा हक्क दिलाय, लिपी हा शब्द तिथे सरळ लिहिलाय. 350 अ मधे भाषिक अल्पसंख्याक पोरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून राज्यानं सोय करावी असं आहे, ते 1956 पासून आहे. 2020 चं नवीन शैक्षणिक धोरण पण निदान पाचवीपर्यंत जमेल तिथे मातृभाषेत शिकवा म्हणतं. कागदावर काही कमी नाही. पण गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 मधे स्वतःच्या हिमतीवर गोंडी माध्यमाची शाळा उघडली, तर मान्यता नाही म्हणून ती बेकायदा ठरली आणि प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. गावकरी पैसे जमवतात, पोरं पाठवतात, गोंडीबरोबर मराठी इंग्रजीही शिकवतात, यात बेकायदा काय ते मला अजून कळलं नाही, वकील मंडळींनी समजावून सांगावं.

बरं हे सगळं पूर्वी झालेलं पण आहे, ते बऱ्याच जणांना माहीतच नाही. निजामाच्या राज्यात आदिलाबादला हायमेनडॉर्फ नावाचे ऑस्ट्रियाचे मानववंशशास्त्रज्ञ होते, त्यांच्या पुढाकारानं 1943 मधे मारलवाई गावात गोंड शिक्षक तयार करायचं केंद्र निघालं आणि गोंडी वाचनपाठ तयार झाले. कुठल्या लिपीत? देवनागरीत. कारण त्या भागातल्या गोंडांना मराठीची ओळख होती आणि पोराला नंतर दुसरं काही वाचायला तीच अक्षरं कामी येणार होती. आणि शिवचरित्राचे अभ्यासक म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते सेतुमाधवराव पगडी, ते हैदराबाद संस्थानात अधिकारी असताना आदिलाबादला गोंडांमधे राहिले, गोंडी शिकले, गोंडीचं व्याकरण लिहिलं. एक मराठी माणूस, एवढा मोठा इतिहासकार, त्याला गोंडी भाषा वाटली, व्याकरण असलेली. आपल्याला 2020 नंतर पण बोली वाटते. पुढे राज्यं बदलली, सीमा बदलल्या, आदिलाबाद तेलुगूत गेलं, आम्ही मराठीत आलो, ते पाठ बाजूला पडले.

सीमा हा गोंडीचा खरा आजार आहे. मध्य प्रदेश, छत्तीसगड, महाराष्ट्र, तेलंगण, ओडिशा, आंध्र, सगळीकडे थोडी थोडी, कुठेच राज्यभाषा नाही. एकाच घरातली पाच भावंडं पाच शाळांत, एक हिंदीत, एक तेलुगूत, एक मराठीत. 2011 च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे 30 लाखाच्या जरा आत, आणि गोंड समाज एक कोटीच्या वर. उरलेले कुठे गेले? दूर जायला नको, माझी दोन पोरं त्यांच्यातच धरा. आजी गोंडीत बोलते, ते मराठीत उत्तर देतात, चूक माझीच, हसणारा वर्ग मला आठवत होता म्हणून मी त्यांच्याशी घरात मराठीच बोललो.

बोलीभेद पण आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. सुरुवातीला मीठ म्हटलं ना, त्या मिठाचंच घ्या. उत्तरेकडे गेलं तर सव्वोर, मधल्या पट्ट्यात होवर, दक्षिणेला खाली गेलं की नुसतं ओवर. आधी स चा ह झाला आणि मग ह पण उडाला. भाषाशास्त्रवाले यावरून नकाशावर रेघा ओढतात. मग पुस्तकात कुठलं मीठ छापायचं? हा प्रश्न खरा आहे, पण सुटणारा आहे. 2014 पासून वेगवेगळ्या राज्यांतली गोंड माणसं एकत्र बसून शब्द ठरवत होती, तीनेक हजार शब्दांचा कोश त्यातून 2018 मधे निघाला. मराठीत तरी काय, कोणी शेंगदाणे म्हणतं, कोणी भुईमुगाचे दाणे म्हणतं, म्हणून बालभारती बंद पडली नाही.

आता आमच्याच लोकांना दोन शब्द, कारण सगळं खापर सरकारवर फोडून मोकळं होणं सोपं आहे. आमच्यात बैठका होतात तेव्हा तीन तासातले अडीच तास लिपीवर जातात. मसराम खरी की गुंजाळा खरी, जुनी कुठली, आणि कोणी ना कोणी उठून सिंधू संस्कृतीची लिपी गोंडीच होती हे सांगायला लागतो. नागपूरचे गोंडीचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरची अक्षरं गोंडीतून वाचायचा प्रयत्न केला, त्यांचं गोंडीवरचं बाकीचं काम फार मोठं आहे, त्याबद्दल आदरच आहे, पण सिंधू लिपी जगात अजून कोणाचीच सर्वमान्य वाचून झालेली नाही, आणि माझ्या मते गोंडीचा मान त्या खुंटीवर टांगून ठेवायची गरज नाही. ती खुंटी उद्या निघाली तर? पाच हजार वर्षांपूर्वी कोण काय लिहीत होतं यापेक्षा येत्या जूनमधे पहिलीतलं पोरगं काय वाचणार हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

यावर उत्तर ठरलेलं असतं, संताल आदिवासींना स्वतःच्या लिपीचं जमलं ना. जमलं, खरंय. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी 1925 मधे संतालीसाठी ओल चिकी लिपी काढली, 2003 च्या घटनादुरुस्तीनं संताली आठव्या अनुसूचीत, म्हणजे घटनेतल्या भाषांच्या यादीत आली, गोंडी अजून बाहेरच आहे. पण मुर्मूंनी नुसता तक्ता छापून भिंतीवर नाही लावला, त्या लिपीत नाटकं लिहिली, शिकवण्याची पुस्तकं लिहिली, गावोगाव फिरले. अक्षरामागे वाचायला काहीतरी होतं. आमच्याकडे उलटं चाललंय, अक्षरांचे तक्ते आणि कॅलेंडर रगड, माझ्याच दुकानात छापतात लोक, पण तो तक्ता पाठ झाल्यावर पोरानं पुढे वाचायचं काय? टीशर्ट?

म्हणून माझं म्हणणं असं की पुस्तक आधी काढा. आज. देवनागरीत काढा, चंद्रपूर गडचिरोलीतल्या पोराला पुढे मराठी वाचायला तीच अक्षरं लागणार आहेत. गावकऱ्यांना हवी असेल ती गोंडी लिपी त्याच पुस्तकात मागच्या दहा पानांत द्या, एका गावात मसराम, दुसऱ्यात गुंजाळा, तिसऱ्यात दोन्ही, पोरं शिकतात हो, पोरांना दोन लिप्यांचं ओझं होत नाही, मोठ्यांना होतं. आमची पोरं देवनागरी आणि एबीसीडी एकाच वर्षी शिकतात तेव्हा कोणी बैठक घेत नाही. आणि शिक्षक गोंडी बोलणारा द्या, निदान पहिली दुसरीला. हे नाही झालं तर लिपी कुठलीही ठरो, वाचणारं कोणी उरणार नाही, फोनमधे फॉन्ट येईल तेव्हा मेसेज पाठवायला माणूस नसेल.

तर ती पत्रिका. माझ्याकडचं डिझाईनचं सॉफ्टवेअर जुनं, त्यात गुंजाळाच्या मात्रा अक्षराला चिकटेनात, अक्षर एकीकडे, मात्रा फटकून दुसरीकडे. मग आधी दुसऱ्या प्रोग्रॅममधे ओळ लिहायची, तिचा फोटो करायचा, तो इकडे आणून बसवायचा असा उद्योग दोन रात्री केला. मसरामची ओळ मामाच्या कागदावरून तपासली, गुंजाळाची ओळ मुलाच्या उटनूरच्या काकाला फोटो पाठवून तपासून घेतली, त्यानं दोन चुका काढल्या. डाव्या कोपऱ्यात एक, उजव्या कोपऱ्यात एक, आणि मधे मोठ्या टाईपात देवनागरीत गोंडी मजकूर, जय सेवा, खाली मडमिंग, वराचं परोल, वधूचं परोल. चारशे प्रती. एक प्रत मुलाच्या आजीला वाचून दाखवली, म्हातारी निरक्षर, आजवर कोणतीही पत्रिका आली की नातू मराठीत वाचायचा आणि ती नुसती मान हलवायची. ही वाचली तेव्हा मधेच थांबवून म्हणाली, पुन्हा वाच. मग म्हणाली वधूच्या गावाचं नाव चुकलंय. चुकलंच होतं. चारशेच्या चारशे पत्रिकांवर पेनानं दुरुस्ती करत बसलो.

पत्रासोबत त्या पत्रिकेच्या वरच्या दोन ओळींची फाईल पाठवतोय. छापायची असेल तर फोटो म्हणूनच टाका, टाईप करायला गेलात तर चौकोन येतील. आणि दोन्ही ओळी टाका, एकच टाकली तर मला इथे दुकान चालवायचंय.

आपला,
एक डीटीपीवाला वाचक
राजुरा, जि. चंद्रपूर